म्हशीच्या खुंट्याला बांधलेली जीप

आमच्या घरातून म्हैस गेली आणि त्याच आठवड्यात जीप आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं बापू तोंडानं कधी म्हणाले नाहीत, पण आमच्याकडे गोठा एकच होता आणि जीप सरळ त्यातच येऊन उभी राहिली, त्यामुळे कुणाला विचारायची वेळ आली नाही. म्हशीचं नाव ठकी. आईनं तिला पारडी असल्यापासून वाढवलेलं. ठकीचं दूध वसईजवळच्या गिरीज गावातल्या काही घरांत जायचं आणि ते घालायला आई स्वतः जायची, कारण त्या निमित्तानं वाडीबाहेर पडता यायचं, चार बायांशी बोलता यायचं. बापूंनी ठकी विकली ती आई माहेरी गेली असताना. आई परत आली, ठकीसाठी माहेरून आणलेली गुळाची ढेप घेऊन तशीच गोठ्यात गेली, आणि आत जीप बघून ढेपेसकट बाहेर आली. ती भांडली नाही. तिनं बापूंशी बोलणं बंद केलं, एवढंच.

अबोला म्हटलं की लोकांना वाटतं, घरात सुतक असल्यासारखं असेल. तसं काही नव्हतं. बापूंच्या ताटात केळीच्या पानातली पानगी वेळेवर पडायची आणि गरम पडायची. त्यांचे सदरे धुऊन, घडी करून जागच्या जागी. फक्त जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. (आमची घरची बोली वेगळी. ती आहे तशी लिहिली तर माझ्या सुनेलाही कळायची नाही, म्हणून इथे जरा सोपी करून लिहिते.) "सुमे, बापसाला सांग, पंप बंद कर, विहिरीचं पानी खाली गेलंय." बापू तिथेच हातभर अंतरावर केळीचा घड उतरवत असायचे. मी सांगायची. ते म्हणायचे, "सांग तिला, करतो." आईनं ते ऐकलेलं असायचं, तरी मी सांगायची, कारण मी सांगितल्याशिवाय ती जागची हलत नसे. मी तेव्हा कॉलेजात होते. घरी यायला उशीर झाला तर दोघं माझी वाट बघत बसलेली असत, आणि मला वाटायचं काळजीनं बसली आहेत.

जीप कुठल्याशा मिठागराच्या कचेरीतली होती, लिलावात घेतलेली. बापूंना भाजी आणि केळी बाजारात न्यायला स्वतःची गाडी हवी होती, आणि ती टेम्पो नको, जीपच हवी होती. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आयुष्यभर मिठागरात फिरल्यानं तिचा तळ मिठानं खाल्ला होता. मागच्या बाकावर बसलं की पायांखालून रस्ता दिसायचा. कुठवर आलो ते बघायला मला बाहेर डोकवावं लागत नसे. हॅन्डब्रेकची तारही मिठानं खाऊन टाकलेली होती, म्हणून बापू रात्री जीप ठकीच्या खुंट्याला, ठकीच्याच दाव्यानं बांधून ठेवत. बाहेर कुठे चढउतारावर थांबलं की मी लाकडाचा एक ठोकळा घेऊन उडी मारायची आणि मागच्या चाकाला लावायची. ते माझं काम. कॉलेजातल्या मैत्रिणींना हे मी कधी सांगितलं नव्हतं.

गाडीची दुरुस्ती बापू आणि इनासकाका करत. इनासकाका आमचे शेजारी. वाडीवाडीतल्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि जगातली प्रत्येक वस्तू हा मुळात एक पंप आहे असं त्यांचं मत होतं. ते पान्हे घेऊन यायचे, ठकीच्या गव्हाणीत मांडून ठेवायचे, छातीवर क्रूस करायचे आणि गाडीखाली शिरायचे. बाहेर येताना त्यांच्या हातात नेहमी एखादा नट किंवा बोल्ट उरलेला असे. "राहिला कसा हा?" बापू विचारत. "कंपनीवाले दोनचार जास्तच लावतात रे. पम्पाला पन लावतात," इनासकाका म्हणत आणि तो नट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत. बरणी अर्धी भरली तेव्हा बापू थोडे विचारात पडले होते, पण गाडी चालत होती.

आता माझा मुलगा मोबाइलवर बघून बघून गाडीचं काय काय करत असतो आणि बिघडलं की कंपनीला फोन लावतो. आमच्याकडे जे वाडीत असेल ते गाडीला लागे. रेडिएटर गळायला लागला तेव्हा इनासकाकांनी त्यात हळद ओतायला सांगितलं, आणि हळदीनं गळती खरोखर कमी झाली, बंद मात्र झाली नाही. जीप जिथे उभी राही तिथे जमिनीवर पिवळा डाग पडे, आणि बापू कुठे कुठे थांबून आले ते अख्ख्या गावाला त्या डागांवरून कळे. डिझेलच्या टाकीला भोक पडलं ते कपडे धुण्याच्या साबणानं बुजवलं. सीटमध्ये आमच्याच नारळांचा काथ्या भरला, त्याबरोबर मुंग्याही आल्या. वरचा कापडी टप फाटला तेव्हा समुद्राकाठच्या कळंबच्या एका कोळ्यानं होडीचं जुनं शीड दिलं. ते गाडीवर चढवलं आणि वारा भरला की गाडी थोडी उचलल्यासारखी वाटायची. हॉर्न पाववाल्याच्या सायकलचा. बापूंनी तो वाजवला की आजूबाजूच्या घरांतून बायका पैसे आणि पिशवी घेऊन बाहेर यायच्या. आई हे सगळं पडवीतून बघायची. हळदीचा डबा रिकामा झाला तेव्हा ती मला म्हणाली, "बापसाला सांग, ठकी हळद खात नव्हती."

मग बापू विहिरीवर घसरले. खांद्यावर केळीचा घड, पायाखाली शेवाळ. डावा गुडघा असा गेला की प्लास्टर निघालं तरी पाय सरळचा सरळ राहिला. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण गुडघा वाकणार नाही. बापूंनी एकच विचारलं, क्लच दाबता येईल का? डॉक्टरांना वाटलं ते थट्टा करताहेत. ते हसले. बापू हसले नाहीत. त्यानंतर ते पडवीतल्या बाकावर पाय लांब करून गोठ्याकडे तोंड करून बसायला लागले. दाढी करायचे थांबले. भाजी मामाच्या ओळखीचा टेम्पोवाला नेऊ लागला. रोज संध्याकाळी बापू मला चावी देत आणि म्हणत, "जरा चालू कर. बॅटरी उतरंल." मी चालू करायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि थोड्या वेळानं हातानंच खूण करायचे, कर बंद.

मी त्यांना म्हटलं, मी शिकते चालवायला, तुम्ही शेजारी बसा. "शेजारी बसून काय करू? हॉर्न वाजवू?" ते म्हणाले. आगाशीचा मामा म्हणजे आईचा भाऊ, व्यवहारी माणूस. तो आला, गोठ्यात एक चक्कर मारली आणि म्हणाला, "नालासोपाऱ्याचा भंगारवाला माझ्या ओळखीचा हाय. पुढच्या सोमवारी पाठवतो त्याला." बापू म्हणाले, "ने." ते मामाकडे न बघता म्हणाले. खरं सांगायचं तर त्या जीपचं मला काडीइतकं प्रेम नव्हतं. तिच्यापायी माझ्या घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. पण त्या एका शब्दानं मला भीती वाटली. पाय गेला तो गेला, आता उरलेला माणूसही भंगारात निघालाय असं वाटलं, आणि मी मागच्या दारी जाऊन रडले. आई तिथे भांडी घासत होती. तिनं घासलेलीच कढई परत घासायला घेतली.

उपाय इनासकाकांनी आणला. ते कामासाठी वसईला गेले होते आणि तिथे त्यांना ड्रायव्हिंग स्कूलची गाडी उभी दिसली. धावतच आले. "अरे सायबा! शिकवनारा बसतो ना, त्याच्या पायाशी पन पॅडल! ह्या बाजूचं दाबलं की त्या बाजूचं दबतं!" बापू बाकावरून उठून उभे राहिले, आधार न घेता. दोन दिवस गोठ्यात ठोकाठोक चालली. पंपाचा जुना पाइप आडवा टाकून बापूंच्या क्लचपासून डाव्या सीटपर्यंत नेला. बापूंचा पाय सरळ राहावा म्हणून त्यांची सीट मागे सरकवली आणि खालचा पत्रा कापला. तो तसाही कापायला फारसा उरला नव्हता. पॅडलला पाय ठेवायला रुंद काहीतरी हवं होतं, तेव्हा इनासकाकांनी विहिरीमागे मोडून पडलेल्या पायरहाटाची एक फळी काढून आणली. पंप यायच्या आधी आमच्याकडे पाणी पायांनी काढत. उंच बसायचं, फळ्या एकामागून एक दाबत चाक फिरवायचं, आणि डबे भरून वर यायचे. बायामाणसं तासन् तास दाबत बसायची, बोलत बोलत, एका लयीत. हे सगळं आरटीओला दाखवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

डाव्या सीटवर अर्थातच मी बसले. पाइप लांब पडल्यामुळे की वाकडा बसल्यामुळे, ते पॅडल इतकं जड झालं होतं की दोन्ही पायांनी दाबलं तरी माझ्या पोटऱ्या थरथरायच्या. बापू म्हणाले, "हळू सोड." मला हळू सोडता येईना. एक तर दाबलेलं राहायचं, नाहीतर एकदम सुटायचं. जीपनं तीन उड्या मारल्या आणि केळीच्या बागेत शिरली. दोन केळी गेल्या, त्यांतली एक घडासकट. बापूंचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. त्यांचा तेव्हाचा चेहरा मी आजही आठवू म्हटलं तर आठवत नाही, कारण मी तिकडे बघितलंच नाही. मग डाव्या बाजूनं आवाज आला, "ऊठ तिथनं." आई होती. हाताला पीठ लागलेलं, पदर खोचलेला. मी उतरले. ती चढून बसली, साडी सावरली, पायानं फळी चाचपली आणि जराशी थांबली. मग मला म्हणाली, "बापसाला सांग, चालू कर."

माझ्या आईनं लहानपणी माहेरच्या वाडीत रहाट दाबून दाबून केळी जगवल्या होत्या. तिच्या पायाला अर्ध्यावर धरणं, सावकाश सोडणं, चाक उलटं फिरू लागलं तर नुसत्या टाचेनं रोखणं, हे कुणी शिकवायची गरज नव्हती. अडचण एकच होती. क्लच कधी दाबायचा हे बापूंना माहीत होतं आणि बापूंशी ती बोलत नव्हती. म्हणून मी मागच्या बाकावर. "सांग तिला, दाब." "आई, दाब." तोवर गिअर करकरायचा. "सांग, सोड." "आई, सोड." तोवर इंजिन बंद पडायचं. आमच्या गाडीच्या ड्रायव्हर आणि क्लचच्या मधे एक मुलगी बसवलेली होती, आणि सगळा वेळ तिथेच जात होता. तरी दोन संध्याकाळी आम्ही वाडीपासून बावखलापर्यंत, म्हणजे गावातल्या त्या जुन्या तळ्यापर्यंत, जाऊन आलो. बायका पाण्याशी कपडे धुवायच्या थांबून बघत राहिल्या. मी खूप नंतर एकदा आईला विचारलं, तू का गं बसलीस त्या दिवशी? ती म्हणाली, "तू मोडली असतीस ती. ठकी देऊन घेतलेली वस्तू मोडू कशी द्यायची?"

शनिवारी बापूंनी मला सांगितलं, आणि ते आईसाठीच होतं, "उद्या कळंबला जाऊन येऊ. नीट गेलो, नीट आलो, तर मामाला सांगू, नको म्हनून. नाय जमलं तर सोमवारी नेऊ दे त्याला." त्यांनी दाढी केली होती. संध्याकाळी इनासकाकांनी गाडी तपासली आणि ब्रेकचं तेल कमी आहे म्हणाले. कुठेतरी गळत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद, त्यांना स्वतःला चर्चमध्ये मिस्साला जायचं होतं. "तेल ते तेल," असं म्हणून त्यांनी आमच्या न्हाणीतली खोबरेलाची बाटली आणली आणि ब्रेकच्या डबीत काठोकाठ ओतली. आम्ही तिघंही बघत होतो. कुणालाच काही गैर वाटलं नाही. आमच्याकडे खोबरेल डोक्याला चालतं, कुलपाला चालतं, शिवणाच्या मशीनला, समईला, मुरगळलेल्या पायाला चालतं. थंडीचे दिवस होते. रोज सकाळी ती बाटली घट्ट गोठलेली असायची आणि आई ती उठल्या उठल्या उन्हात नेऊन ठेवायची. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सकाळी धुकं होतं. आईनं डब्यात पानगी घेतली, सुकेळी घेतली, म्हणजे आमच्या राजेळी केळ्यांची सुकवलेली, तांबूस, मधासारखी चिकट. बापूंनी स्वच्छ धोतर नेसलं होतं. निर्मळ गावापर्यंत सगळं सुरळीत झालं. मी आता दोन्हीकडचं बोलणं इतक्या वेगानं इकडून तिकडे करत होते की माझा घसा बसायला आला होता. एका वळणावर बापू पुटपुटले, "ब्रेक जरा खोल जातोय." हे आईला सांगायचं की नाही ते मला कळलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. झालं होतं ते असं: वरच्या डबीतलं खोबरेल तुपासारखं गोठून बसलं होतं आणि खालच्या नळीतलं होतं तेवढं तेल दर वेळी थोडं थोडं गळून चाललं होतं. पण हे आम्हाला दुपारी कळलं.

कळंबच्या अलीकडे खाडीच्या एका फाट्यावर साकव होता, अरुंद, मधे फुगलेला, कठडा नावापुरता. आम्ही चढ निम्मा चढलो आणि समोरून पेंढ्यानं भरलेली बैलगाडी आली. दोन गाड्या जातील अशी जागा नव्हती. बापू म्हणाले, "सांग, दाब." मी म्हटलं, आई, दाब. आईनं दाबला. बापूंनी ब्रेकवर पाय दिला आणि तो पाय तळाशी जाऊन टेकला. ते मला दिसलं नाही. मी नेहमीप्रमाणे ठोकळा उचलला आणि मागून उडी मारली. मागे मासळीच्या टोपल्या घेतलेल्या चारपाच कोळणी येत होत्या, त्यांच्या मागे सायकलवर पाववाला. मी ठोकळा चाकामागे ठेवला. रस्त्यावर दव पडलेलं होतं, टोपल्यांतून गळलेलं मासळीचं पाणी होतं. चाक ठोकळ्याला टेकलं, ठोकळा सटकला, उतारावरून गडगडत गेला आणि खाडीत पडला. पडल्याचा आवाज मी ऐकला. मग जीप वीतभर मागे आली. मी दोन्ही हात तिच्या मागच्या फळीला लावले. त्यानं काय होणार होतं ते मला विचारू नका. कोळणी ओरडायला लागल्या.

शिडाच्या फाटक्या कापडातून मला आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. बापू ओरडले, "सुमे, सांग तिला..." आणि त्यांनी मागे वळून बघितलं. बाकावर मी नव्हते. ते रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. जीप आणखी थोडी मागे आली आणि माझ्या चपला घसरायला लागल्या.

"अगं," बापू म्हणाले. "आर्धा सोड. आर्धाच. ब्रेक गेलाय."

"कळतंय मला," आई म्हणाली. "तुम्ही पुढं बघा."

माझ्या हातांवरचा भार हळूहळू कमी झाला. मग नाहीसाच झाला. जीप पुढेही जात नव्हती, मागेही येत नव्हती. ती त्या चढावर नुसती उभी होती, थरथरत, आईच्या पायावर. जळका वास सुटला होता. समोर बैलांनी पाय रोवले. गाडीवान म्हातारा होता. तो खाली उतरून आमच्याकडे आला आणि बापूंना म्हणाला, "गाडी बंद करा. बैल बुजतात." बापू म्हणाले, "बंद केली तर आम्ही खाडीत." म्हाताऱ्यानं साकवाखाली वाकून बघितलं. "बरं," म्हणाला. त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, एका बैलाच्या डोळ्यांवर टाकलं, दुसऱ्याच्या डोळ्यांवर हात धरला आणि त्यांच्याशी काहीबाही बोलत, थांबत, पुन्हा बोलत, एकेक पाऊल पुढे आणू लागला. एवढ्या वेळात आतून आईचा आवाज येत होता. "मरतेय ती. जरा दाबा तुमचं." बापू ॲक्सिलरेटर दाबत. "बास. एवढं नको." बापू सैल सोडत. "आता तसंच धरा." बापू धरत. आई सांगत होती आणि बापू ऐकत होते. पेंढ्याची गाडी आम्हाला घासून गेली, माझ्या केसांत पेंढा अडकला. शेवटी वाट मोकळी झाली. "सोड," असं बापूंनी म्हणायला तोंड उघडलं, त्याआधीच तिनं सोडला होता. जीप साकवाच्या माथ्यावर चढली, पलीकडे उतरली आणि दिसेनाशी झाली.

मी तिथेच उभी. मला वाटलं, पुढे थांबतील. मग लक्षात आलं, थांबणार कशानं? राहिलेला रस्ता मी कोळणींबरोबर चालत गेले. त्यांतली एक मला म्हणाली, "कोन गो तुझी ती?" मी म्हटलं, आईबाप. "तुला सोडून गेली?" मी हो म्हटलं. माझ्या तोंडावर हसू होतं त्याचं तिला नवल वाटलं असणार.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडांशी, मऊ वाळूत नाक खुपसून जीप उभी होती. खाली पिवळा डाग पडला होता. दोघं आपापल्या जागी बसलेली, मांड्यांवर पानगी, समोर समुद्र. आईचा पाय अजून फळीवर होता. मला यायला इतका वेळ लागला, पण कुणी मागे बघितलं नव्हतं. "ढेप आनली होती मी तिच्यासाठी," आई म्हणत होती. "माहेरून." बापू म्हणाले, "तुला विचारायला हवं होतं मी. चुकलंच." आई म्हणाली, "हो." आणि तिनं त्यांना आणखी एक पानगी वाढली. मी मागच्या बाकावर चढले. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. आता काय करायचं ते मला समजेना, म्हणून मी डबा ओढून सुकेळी खात बसले.

निरोप मिळाल्यावर इनासकाका दुपारी सायकलवरून आले. डबीतलं गोठलेलं खोबरेल त्यांनी बोटानं उकरून काढलं आणि म्हणाले, "तेलात काय दोष नाय. थंडीचा दोष." एक नट उरला, तो त्यांनी खिशात टाकला. सोमवारी भंगारवाला आला तेव्हा आई फाटकाशी उभी होती. "म्हैस देऊन घेतलीय ती," तिनं त्याला सांगितलं, "भंगारात कशी घालू?" तो म्हणाला, मामांनी तर बोलावलं होतं. "मग मामांना घेऊन जा," आई म्हणाली, आणि त्याला चहा दिला.

पुढे कितीतरी वर्षं आईबापू त्या जीपमधून फिरले. भाजी घेऊन वसईला, लग्नाला आगाशीला, आणि काहीही कारण नसताना राजोडीला. सुरुवातीला "दाब", "सोड" ऐकू यायचं, मग नुसतं "हं", मग तेही नाही. इंजिनाचा आवाज बदलला की आईचा पाय आपोआप जायचा आणि दोघं मधल्या मधे दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत असायची. बऱ्याचदा भांडत असायची. माझं लग्न झालं तेव्हा मामाला एकच काळजी होती, की आता या दोघांचं कसं होणार. काही झालं नाही. मिठानं शेवटी जीप पुरती खाल्ली, आणि त्यानंतर दोनेक पावसाळ्यांनी बापू गेले. ठकीचा खुंटा अजून गोठ्यात आहे. त्याला आता काही बांधत नाही.

आई आता खूप थकली आहे. महिन्यातून एकदा मी स्वतः गाडी चालवत तिला डॉक्टरकडे नेते. वाड्या जाऊन बिल्डिंगा आल्या आणि रेल्वेवरून जायला मोठा पूल झाला; त्याच्या चढावर नेहमी गाड्यांची रांग लागते. ती डावीकडे बसलेली असते, डोळे अर्धे मिटून. रांग थांबली की तिचा पाय उठतो, खालच्या चटईवर दाबला जातो, अर्धा वर येतो आणि तिथेच थांबतो. रांग हलेपर्यंत ती तो तसाच धरून ठेवते. त्या वयात पायाला कापरं भरतं, तरी सोडत नाही. मग गाडी पुढे निघाली की सावकाश सोडते आणि माझ्याकडे बघते. मी म्हणते, "बरोबर." गाडी मुलानं घेऊन दिलेली आहे, नव्या तऱ्हेची. तिला क्लच नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही.